चॅनेलवर कोण हाय?

सणसर, ता. इंदापूर
९ नोव्हेंबर १९९७

ती. सुप्रियाताईस,
मावसभावाचा, रणजितचा नमस्कार.

दिवाळीला तू पुण्याहून आली नाहीस. भाऊबीज झाल्यावर मी कोऱ्हाळ्याला जाऊन आबांना भेटून आलो. तब्येत बरी आहे. मोहनरावकाकांच्या घरून जेवण येतं, त्यातलं अर्धं तसंच परत जातं, एवढंच. भिमाच्या खोलीला त्यांनी कुलूप घातलंय. संध्याकाळी तेवढी उघडतात म्हणे. तुझा भाऊ जाऊन माघात वर्ष होईल, पण वस्तीवर पाऊल टाकलं की अजून वाटतं, हा आता जीप लावून येईल आणि पाठीत धपाटा घालील.

पत्राचं कारण वेगळं आहे. कारखान्याचं गळीत सुरू झालं. मी वायरलेसच्या केबिनमध्येच आहे. आमच्याकडे दोन चॅनेल. पहिल्यावर दिवसभर उसाच्या गाड्या आणि तोडणीच्या टोळ्या यांची बडबड. दुसरा गेल्या हंगामापर्यंत कोऱ्हाळ्याच्या बाजूला दिला होता, म्हणजे तिथली ऊसतोड बघणाऱ्या भिमालाच. तो गेल्यापासून त्यावर कुणी नाही. साहेबांना त्या चॅनेलवर आता मोठा सेट बसवायचाय, वजनकाट्यासाठी. ते म्हणाले, "आधी थोडे दिवस ऐकून बघ, रिकामा आहे का. मग लिहून दे."

म्हणून दिवेलागणीला गडबड कमी झाली की ऐकत बसतो. सेटला खरखर दाबायचं एक बटण असतं, ते पूर्ण सोडलं की नुसती खरखर येते. त्या खरखरीच्या खाली कुणीतरी बोलतं. शब्द कळत नाहीत. चार-दोन वाक्यं होतात आणि थांबतं.

तुझा अभ्यास यावरच आहे ना? आबा सांगत होते, "पोरगी रेडिओला कान यावं असलं काय तरी शिकतीया." तर हे काय असेल, ते कळव.

तुझा,
रणजित


शिवाजीनगर, पुणे
१७ नोव्हेंबर १९९७

प्रिय रणजित,

आबांनी माझ्या अभ्यासाचं जे सांगितलं ते आमच्या सरांपेक्षा सोपं आहे. आमचं म्हणणं एवढंच, की रेडिओनं बोलण्याआधी स्वतः ऐकावं. जागा रिकामी असेल तर बोलावं, कुणी असेल तर गप्प राहावं. वाचताना सोपं वाटतं. पण "रिकामी" हे ठरवायचं कसं, यावर माझं दुसरं वर्ष चाललंय.

तुझं ते खरखर दाबायचं बटण हेच ठरवत असतं. आवाज एका पातळीच्या वर आला तर कुणीतरी आहे, खाली राहिला तर कुणी नाही. ती पातळी फार खाली आणली, तर नुसत्या खरखरीलाही माणूस समजायला होतं. फार वर नेली, तर खरा माणूस हाका मारत असतो आणि आपण म्हणतो, कुणी नाही. या दोन चुका आहेत. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते.

थंडीत हवेचे थर असे बसतात, की लांबच्या जिल्ह्यातलं स्टेशनसुद्धा तुझ्यापर्यंत येऊन पोचेल. तसलंच काहीतरी असावं. बाई आहे की पुरुष, मराठी आहे का, रोज एकच आवाज आहे का, एवढं बघून लिही. मात्र अमुक आवाज येईल असं मनात धरून ऐकू नकोस.

आबांना भेटत जा. मला या महिन्यात जमणार नाही.

तुझी,
सुप्रियाताई


सणसर
२५ नोव्हेंबर १९९७

ती. ताईस नमस्कार.

हे लिहावं की नको, यात दोन कागद फाडले. शेवटी म्हटलं, तुला नाही सांगायचं तर कुणाला?

आवाज भिमाचा आहे.

तू म्हणालीस म्हणून मी काही मनात न धरता ऐकलं. पुरुष आहे, मराठी आहे, रोज एकच आहे. आणि तो सुरुवात कशी करतो, ठाऊक आहे? आमचे सगळे लोक बटण दाबून आधी गाडीचा नंबर सांगतात. भिमानं कधीच नंबर सांगितला नाही. साहेबांची बोलणी खाल्ली, तरी त्याचं आपलं "हाय का रं?" हा आवाजही तसंच म्हणतो. "हाय का रं?" मग थांबतो. मग काहीतरी लांबलचक विचारतो आणि ते सगळं खरखरीत विरघळून जातं.

मला एकट्याला भास होतो म्हणावं, तर सोनबा ड्रायव्हरलाही ऐकू आलं. जीपमध्ये चुकून दुसरा चॅनेल लागला होता. आता दिवस मावळला की तो कालव्याच्या रस्त्यानं जीप न्यायला तयार नाही. मला म्हणाला, "कालव्यात गेलेलं माणूस हाय त्ये. नारळ फोडा, काय तरी करा, पर त्याच्यासंगं बोलू नका."

घरी गेलो तरी सुटका नाही. बायको तव्यावरच्या भाकरीला पाणी लावते, चर्र होतं, त्यातही तो बोलतो. धाकट्याला पाळण्यात घातलं, की कडीच्या करकरीत बोलतो. मी घरात काही बोललो नाही. पण परवा ती म्हणाली, "तुमी माझं ऐकताय का आणि कुणाचं?"

ताई, तू शिकलेली आहेस. नाही म्हण एकदा. ठणकावून नाही म्हण.

रणजित


पुणे
२० डिसेंबर १९९७

प्रिय रणजित,

तुझ्या पत्राला मी लगेच उत्तर लिहिलं होतं. फार वाईट लिहिलं होतं. ते पाठवलं नाही.

माझ्या मेलेल्या भावाचा आवाज तुला यावा आणि मला येऊ नये, याचा मला राग आला. खरं सांगते. प्रयोगशाळेत सगळे चहाला गेले तेव्हा मी कानाला हेडफोन लावून खरखर ऐकत बसले. खूप वेळ. काही आलं नाही. सरांनी विचारलं, डोळे का लाल? मी म्हटलं, सर्दी.

आता नीट सांगते. ज्याची ओळख पक्की असते, त्याचा आवाज खोल खरखरीतूनही शोधून काढता येतो. आमच्या शास्त्रातही ही सगळ्यात चांगली रीत आहे: काय शोधायचं ते आधी माहीत असणं. पण ज्याला इतकं ओळखतो, तो नसतानाही सापडू लागतो. म्हणून मी तुला नाही म्हणणार नाही आणि हो पण म्हणणार नाही. एका जागी बसून एकट्यानं ऐकून हे ठरत नाही. मध्ये एखादा उंच माळ आला, तर शेजारचा माणूस ऐकू येत नाही आणि दूरचा येतो.

असं कर. तिघांनी एकाच वेळी तीन जागांवरून ऐका. तू केबिनमध्ये. वालचंदनगरच्या बाजूला तुमच्या कारखान्याचं गट ऑफिस आहे, तिथला कुणी. आणि सोनबाला जीप घेऊन बारामतीच्या पलीकडे पाठव, कालवा टाळून गेला तरी चालेल. गट ऑफिसवाल्याला काय ऐकायचं ते सांगू नकोस. ऐकू आलं की नाही, एवढंच विचार.

मी घरी येत नाही त्याला अभ्यास हे कारण नाही. एस.टी. कालव्याच्या त्या पुलावरून जाते.

सुप्रियाताई


सणसर
१ जानेवारी १९९८

ती. ताईस नमस्कार.

तू सांगितलंस तसं केलं. वालचंदनगरच्या बाजूला काहीच ऐकू आलं नाही. मला नेहमीसारखं पुसट. सोनबाला चांगलं आलं. म्हणजे आवाज खरा आहे, पश्चिमेकडचा आहे आणि जिवंत माणसाचा आहे. भूतबित काही नाही. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

तू आता यात अडकू नकोस. परीक्षा बघ. साहेब घाई करताहेत, मी चॅनेल रिकामा आहे म्हणून लिहून देतोय. संक्रांत झाली की मोठा सेट चालू होईल. मग त्याच्यापुढे बारीकसारीक कुणाचं काही ऐकू यायचं नाही.

नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

रणजित


पुणे
६ जानेवारी १९९८

रणजित,

सोनबा कुठं उभा होता, ते तू लिहिलं नाहीस. एरवी तू भाकरीच्या तव्यापर्यंत सगळं लिहितोस. यावेळी गावाचं नावसुद्धा नाही. म्हणजे तो कोऱ्हाळ्यात होता.

मोहनरावकाकांच्या फोनवर बोलताना मी कितीदा आबांना भिमा समजून शिव्या घातल्यात. तोच घसा आणि तोच "हाय का रं"चा हेल. भिमा तो आबांकडूनच शिकला. भिमाचा हातातला सेट कालव्यात वाहून गेला, असं आपण धरून चाललो होतो. तो त्या दिवशी खोलीत चार्जिंगला राहिला असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही.

एवढं मला इथं बसून कळलं. एक कळत नाही. इतके दिवस माणूस रोज नेमानं नुसत्या खरखरीशी बोलत नाही रे. पहिल्या आठवड्यात थकून सोडून देईल. आबांना पलीकडून कोण उत्तर देतंय?

आणि ते काय विचारतात? सोनबाला शब्द कळले असतील. मला शब्द हवेत.

सुप्रियाताई


सणसर
९ जानेवारी १९९८

ताई,

उत्तर मी देतो.

सुरुवातीला, तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधी, एका संध्याकाळी आवाज आला आणि माझ्या नकळत बोट बटणावर गेलं. मी म्हणालो, "हाय. बोला." भिमाला मी रोज हेच म्हणायचो.  पलीकडून पुन्हा तेच पुसट "हाय का रं?" आलं. माझा सेट मोठा, खांब उंच; माझं त्यांना नीट पोचत असणार. त्यांचं मला नाही. मला वाटायचं मी भिमाला उत्तर देतोय, त्यांना वाटायचं भिमा त्यांना देतोय. रोज एवढंच, "हाय. बोला." जास्त बोलायची मला भीती वाटायची.

आता सोनबाचं. मी त्याला माळेगावापर्यंतच जा म्हणालो होतो. तिथं आवाज मोठा आला, तसा तो हिय्या करून पुढं गेला. वस्तीजवळच्या पुलावर जीप थांबवली. मला म्हणाला, "रणजितराव, सेटमधनं आन् कानानं, दोन्हीकडनं एकदमच आलं. मी जीपच्या बाहेर तोंड काढलं. म्हातारा घराच्या धाब्यावर हुबा. तोंडाफुडं सेट." सोनबा खाली उतरून रस्त्यावरच बसला म्हणे. एवढा दांडगा गडी, मला सांगताना रडत होता.

शब्द हे आहेत. सोनबानं सांगितलं तसे लिहितो.

"हाय का रं? भिमा, येवढं सांग. गाडी पान्यात गेली तवा मला हाक मारलीस का? मी हितंच व्हतो, उसात. पान्याची मोटर चालू व्हती, बाळा. मला काय ऐकू आलं न्हाय. मारली व्हतीस का हाक?"

आणि ताई, त्यावर मी रोज म्हणतोय, "हाय. बोला."

सोनबानं सांगितल्यावरही मी थांबलो नाही. एक दिवस उत्तर दिलं नाही, तर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आबा धाब्यावर तसेच उभे असतील असं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं. मोठा सेट चालू झाला की त्यांना भिमाच्या जागी काट्यावरची शिवीगाळ ऐकू येईल. मला काही सुचत नाही.

रणजित


कोऱ्हाळे बुद्रुक
१६ जानेवारी १९९८

प्रिय रणजित,

तुझं पत्र मिळालं आणि मी दुसऱ्या गाडीनं निघाले. तुला कळवलं नाही. पूल आला तेव्हा डोळे मिटून घेतले. शेजारच्या बाईनं विचारलं, "मळमळतंय का गं?"

आबा अंगणात शेंगा निवडत होते. मला बघून उठले, पण "कशी आलीस" म्हणून विचारलं नाही. दिवस कलला तसे सारखे आभाळाकडे बघायला लागले. मग भिमाची खोली उघडून सेट घेतला आणि शिडी चढले. मीही मागोमाग चढले. त्यांनी मला अडवलं नाही. फक्त म्हणाले, "गप ऱ्हा हां. लई बारीक येतो त्यो."

ते बोलले. तू लिहिलंस तेच, शब्दाला शब्द. मग बटण सोडून त्यांनी सेट माझ्या कानाला लावला.

मला ठाऊक होतं, पलीकडे तू आहेस. तुझी केबिन मी पाहिलीय. खुर्ची, कोपऱ्यातला पाण्याचा माठ, सगळं डोळ्यांसमोर होतं. खरखर आली आणि तिच्यातून "हाय. बोला." रणजित, तो भिमा होता. मी तुला खोटं कशाला सांगू? माझं सगळं शास्त्र त्या धाब्यावर होतं आणि माझ्या तोंडून "भिम्या" असं निघालं. आबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. तुलाबी आला ना, असं.

त्या क्षणी मला वाटलं, राहू दे. कुणाचं काय बिघडतंय?

पण त्यांनी लगेच सेट पुन्हा तोंडाला लावला आणि तोच प्रश्न विचारला. उत्तर मिळत नव्हतंच त्यांना. "हाय" हे उत्तर नाही. मग मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

तुला आठवत असेल, दवाखान्यातून भिमाला डोक्याला फडकं बांधूनच आणलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जीप पुलाच्या कठड्यावर आदळली तेव्हाच तो गेला. पाण्यात पडला तेव्हा जिवंत नव्हता. पण मोहनरावकाका म्हणाले, "म्हाताऱ्याला डोकं फुटल्याचं सांगू नगा. पान्यात गेला म्हना. पानी बरं." सगळ्या घरानं तेच सांगितलं. काकांच्या मनात मायाच होती. आणि त्या मायेपायी आबा वर्षभर त्याला पाण्यात हाका मारताना मनात बघत राहिले.

मी सगळं सांगितलं. कठडा, डोकं, सगळं. ऐकून ते कालव्याकडे वळले. मग म्हणाले, "म्हंजी हाक मारली न्हाय त्यानं?"

"न्हाय आबा. मारताच आली नसती."

"खरं सांगतीस का मला बरं वाटावं म्हनून?"

"बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं ते पाण्याचं. हे खरं आहे."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. सेट उलटा करून बघितला. "मग ह्यात कोन बोलतंय?"

मी तुझं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखा झाला तो. मला वाटलं, सेट फेकून देतील. पण त्यांनी बटण दाबलं आणि म्हणाले, "रणजित, जेवलास का?"

तुझ्याकडून काही आलं नाही. ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो आणि खाली उतरलो.

मी आठवडाभर इथंच आहे. काल सकाळी पुलापर्यंत चालत जाऊन आले.

ताई


कोऱ्हाळे बुद्रुक
माघ, १९९८

चि. रणजित यास जोतीरामचा आशीर्वाद.

मी चवथी शिकलेलो, अक्षर लावून वाच. भिमाचं वर्षश्राद्ध झालं. तू आलास, पंगतीत वाढलंस, पण माझ्याफुडं आला न्हाईस. म्हनून लिवतो.

आदी मला तुझा लई राग आला. माझ्या पोराच्या जाग्यावर बसून ह्यो हाय म्हनतो म्हंजी काय. सुप्रिया पुन्याला गेल्यावर बी मी तुझं नाव काडलं न्हाय. मग एक दिस इचार केला, त्या पोराला बी भिमाच पायजे व्हता. दोगं बी एकालाच धुंडत व्हतो आन् एकमेकाला गावलो. त्यात तुझं काय चुकलं.

त्या दिशी तू गप ऱ्हायलास. ऐकू आलं व्हतं, मला ठावं हाय. असू दे.

सेट सोनबाजवळ देऊन टाकला. त्यो सांगत व्हता, नवा सेट चालू झालाय, दिसभर काट्याची बोंबाबोंब आसती. बरं झालं. कामाची वस्तू कामाला लागली. साहेब काय म्हनला तर म्हाताऱ्याच्या घरी गावला म्हनून सांग, मी येतो तितं.

मोहनरावाला बी मी काय बोललो न्हाय. त्यानंच एक दिस इषय काडला आन् रडला.

भिमानं हाक मारली न्हाय हे आता पटलंय. पोरगी खोटं बोलत न्हाय. पहिल्यांदा नीट झोप लागली. पर कानाची खोड जात न्हाय. उसाला पानी द्याचं आसलं, लाईट आली, की मी लगीच बटन दाबत न्हाय. बांधावर हुबा ऱ्हातो. पानी वाजतं, पाखरं वरडत्यात, रस्त्यानं गाडी जाती. कुनी न्हाय, मला ठावं हाय. तरी ऐकतो. कुनीच न्हाय असं झालं, की मग मोटर चालू करतो.

एकदा जेवाया ये.

जोतीराम